निशाससाणा

कल्पनेंतल्या प्राण्यांसहि तर्काच्या तराजूंत तोलण्याची आमची खोड जुनी आहे. एकदां ती फार महाग पडली.

डूगल डिक्सन या स्कॉटिश लेखकाचें ‘आफ्टर मॅन’ हें पुस्तक १९८१ सालीं निघालें. मनुष्य नष्ट होऊन पांच कोटी वर्षें लोटल्यावर पृथ्वीवर कोण नांदेल, याचें तें सचित्र वर्णन. त्यांतील बटेव्हिया नामक बेटांवर पक्ष्यांच्या आधीं वटवाघळें पोंचतात, आणि त्यांच्या वंशांत दीड मीटर उंचीचा, पंखांचेच पाय करून चालणारा एक भयंकर निशाचर निपजतो.

आमचे चिरंजीव तेव्हां आठवींत होते. “बाबा, हा उडायचं कां विसरला?” असें विचारून ते थांबले नाहींत. रात्रीं आकाशांतच पांखरूं धरून उडतां उडतां खाणारें वाघूळ त्यांनीं स्वतःच योजिलें, त्याचें नांव ‘निशाससाणा’ ठेविलें आणि चित्रांनीं अख्खी वही भरली. वही आमच्यापुढें येतांच आम्हीं लाल पेन्सिल उचलली. (प्राध्यापकाच्या हातास दुसरें काय सुचणार!) ‘रात्रीं पांखरें झाडांवर निजतात, आकाशांत कोठून येणार? वाघूळ स्वतःच्या आवाजाच्या प्रतिध्वनीवर मार्ग काढतें. तोंडांत घास असतां तें कसें साधेल?’ खालीं शेरा : ‘असंभव.’

वही पुन्हां आम्हांस दिसली नाहीं.

२०२५ सालीं एका शोधाचा वृत्तान्त वाचनांत आला. युरोपांतील सर्वांत मोठें वटवाघूळ, वजन अवघें पन्नासेक ग्रॅम. त्याच्या विष्ठेंत पक्ष्यांचीं पिसें सांपडल्याचें २००१ सालींच प्रसिद्ध झालें होतें, म्हणजे आमच्या शेऱ्याच्या कितीतरी आधीं! आतां स्पेनमध्यें त्याच्या पाठीवर चिमुकलें यंत्र बसवून ऐकलें, तों एक वाघूळ किलोमीटरहून अधिक उंच चढलें, खालीं झेपावलें, एक रॉबिन पक्षी धरला आणि तेवीस मिनिटें उडतच त्यास चघळीत राहिलें. मधून मधून मार्गशोधनाचा आवाजहि काढीत होतें. आणि पांखरें? कित्येक लहान पक्षी स्थलांतराचा प्रवास रात्रींच करितात. एवढी गोष्ट आम्हांस ठाऊक नव्हती असें नाहीं. पेन्सिल हातीं असतां ती आठवली नाहीं, इतकेंच.

वृत्तान्त चिरंजीवांस धाडला. ते आतां परगांवीं हिशेबाच्या कामांत असतात. उत्तर आलें : “वाचलं बाबा. वही सांपडली तर पाठवा.”

माळा दोनदां उपसला. जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तेवढे निघाले. उद्यां जिन्याखालची ट्रंक उघडूं.