वेणीसाठी माकड

जयपूरच्या तिलक नगरातल्या एका मराठी घरात आजींचा उजवा खांदा आखडला. हात वर जाईना. रोजची वेणी राहिली.

"आजी, गलताजीहून एक माकड आणू. ते तुझे केस विंचरेल!" नातवाला हुरूप चढला. "आमेरचा हत्ती आंघोळ घालेल, टाचांच्या भेगा मासे साफ करतील!"

मासे अगदीच कल्पनेतले नव्हते. तुर्कस्तानात कांगलच्या उष्ण झऱ्यांतले 'गारा रुफा' मासे माणसाच्या पायांची मृत त्वचा खरोखर टिपून खातात. तेही कुणी न शिकवता. माकडांना शिकवून खेळ करण्यावर मात्र १९९८ मध्येच सरकारने बंदी घातली आहे.

"आणि माकडं एकमेकांचे केस निवडतात ना, ते नुसतं उवांसाठी नाही," नातू म्हणाला. "त्यानं त्यांची नाती जुळतात. भांडण झालं तर मिटतंसुद्धा."

सून भाजी निवडत ऐकत होती. दोन महिने औषध, शेक, पथ्य तिने काही चुकवले नव्हते. केसांना मात्र हात लावला नव्हता. आजींनीही कधी म्हटले नव्हते. ती उठली, फणी आणि खोबरेल घेऊन त्यांच्या मागे बसली.

"हळू गं," आजी एवढेच म्हणाल्या.

वेणी जरा वाकडीच आली. रात्री झोपतानाही आजींनी ती सोडली नाही.