खुणांची मांडामांड

ओळीखाली खूण करणं पूर्वी जरा खर्चिक होतं. पेन्सिल लागायची, पुस्तक स्वतःचं असावं लागायचं, वाचनालयाचं असेल तर ग्रंथपालाचा धाक असायचा. आता बोट सरकवलं की काम झालं. कासारवाडीला लोकल पकडावी, जागा मिळाली तर वाचायला काढावं आणि दापोडी सोडून गाडी मुळेच्या पुलावर येईपर्यंत चार-पाच ओळी रंगवून मोकळं व्हावं. खडकीला गर्दी घुसते आणि वाचन तिथंच आटोपतं. रंगवलेल्या ओळी मात्र कुठं ना कुठं साठत राहतात.

माझ्या वाचनाचा विषय म्हणाल तर हाच पट्टा. १८५८ साली खंडाळ्याहून पुण्याला आलेली रेल्वे, दापोडीचा गव्हर्नरचा बंगला आणि त्याभोवतीची वनस्पतींची बाग, १९५४ चं पिंपरीचं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, १९६२ ची एमआयडीसी, १९७० ची नगरपालिका. १८८५ च्या पुणे गॅझेटिअरची पीडीएफ एका फोल्डरात, किंडलवरच्या खुणा दुसरीकडे, भोसरीतल्या निवृत्त कामगारांशी चहावर झालेल्या गप्पा फोनमध्ये. फायलींची नावंही बघण्यासारखी: ‘नवीन’, ‘नवीन २’, ‘हे नक्की’.

किंडलची फाईल उघडून पाहावी अशी आहे. यंत्राच्या पोटात एक साधी मजकुराची फाईल असते आणि तुम्ही केलेली प्रत्येक खूण तिच्या शेपटाला जोडली जाते. वर पुस्तकाचं नाव, खाली पान आणि वेळ, मग ओळ, मग बरोबरची दहा चिन्हं. पुन्हा पुढची. गंमत अशी की खूण दोन शब्दांनी वाढवली तर जुनी पुसली जात नाही, नवी तिच्यामागे येऊन बसते. एकच वाक्य तीनदा, दर वेळी थोडं लांब. आपण कुठं थांबायचं हे ठरवताना केलेली सगळी चुळबुळ तिथं नोंदलेली असते.

हे सगळं एकत्र लावायला बाजारात ॲपं पुष्कळ आहेत. माझा त्यांच्यावर भरवसा नाही. ॲप बंद पडतं, साधी फाईल उघडता येते. ॲमस्टरडॅममधले खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डॉमिनिक यांनी २००३ साली स्वतःची कामं आणि नोंदी सांभाळायला इमॅक्स या जुन्या एडिटरमध्ये ऑर्ग मोड तयार केलं, तेही साध्या फायलींवरच चालतं. मथळ्याखाली मथळा, हवा तेव्हा मिटवावा, हवा तेव्हा उलगडावा. दुवा दाबला की थेट त्या फायलीतल्या त्या ओळीवर. एवढं शिकायचा कंटाळा असेल तर नोटपॅड प्लस प्लसमधलं ‘फाइंड इन फाइल्स’ पुरतं.

पण हत्यार कुठलंही घ्या, पहिला मोह एकच होतो: सगळं उचलून एका फायलीत ओतावं. तो टाळावा. आमच्या भागातल्या कुठल्याही कारखान्याच्या स्टोअरमध्ये जाऊन बघा. स्टोअरकीपर माल एका ढिगात आणत नाही. माल आपापल्या बिनमध्ये राहतो, बिनवर कार्ड लटकतं, आणि रॅक नंबर माहीत असला की कुठलाही बेअरिंग मिनिटात हातात. मीही मूळ फायली जागेवर ठेवतो आणि एक वेगळी फाईल राखतो. तीत विषयाचा मथळा, त्याखाली माझ्या शब्दांत एक ओळ आणि पुढं पत्ता: फाईल, पान. ती एक ओळ लिहितानाच खरा घाम येतो. ही खूण का केली हे सांगता आलं नाही, तर ती यादीत येत नाही.

येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात हेच काम कागदावर झालेलं आहे. १९४८ साली डॉ. सु. मं. कत्रे यांच्या पुढाकारानं संस्कृत महाकोशाचं काम सुरू झालं. सुमारे दीड हजार ग्रंथ धुंडाळून त्यातून एक कोटीच्या आसपास चिठ्ठ्या काढल्या गेल्या. चिठ्ठीवर शब्द आणि तो कुठल्या ग्रंथात, नेमका कुठं आला त्याचा पत्ता. १९७६ पासून खंड निघू लागले. तीसहून अधिक निघाले तरी कोश ‘अ’मध्येच. लोक हसतात. मला हेवा वाटतो, कारण माझ्या चिठ्ठ्या निदान सापडायला तरी हव्यात.

त्या का सापडत नाहीत याचं एक कारण मोठं चमत्कारिक आहे. एमआयडीसीसाठी गेलेल्या जमिनींबद्दल ‘शेतकऱ्यांच्या’ असं शोधलं तर निम्म्या नोंदी गायब. डोळ्यांना सगळीकडे तोच शब्द दिसतो. पण काही फायलींत तो ‘ऱ’ला हलन्त जोडून टंकलेला असतो आणि काहींत साध्या ‘र’पुढं एक अदृश्य जोडचिन्ह घालून. यंत्राच्या लेखी हे दोन वेगळे शब्द. तेव्हा आधी फायलींच्या प्रती काढायच्या, त्यांत एकदाच ‘रिप्लेस ऑल’ चालवून सगळे शेतकरी एका साच्यात आणायचे, मगच शोधाला बसायचं. दापोडीचं दुखणं वेगळं. जुन्या इंग्रजी नोंदींत ती ‘दापुरी’ आहे. तिथल्या बागेतल्या झाडांची सुरेख चित्रं एडिंबराच्या वनस्पती उद्यानात आहेत, तीही दापुरीच्याच नावानं. म्हणून यादीत दोन्ही नावं शेजारी लिहायची, दुसरा इलाज नाही.

सध्या यादीतला सगळ्यात लांब मथळा ‘बेवारस’ हा आहे. फोनच्या स्क्रीनशॉटमधून उतरवलेल्या, पुस्तकाचा पत्ता नसलेल्या ओळी त्याखाली आहेत. पुसवत नाहीत, कारण त्यातल्या काही फारच चांगल्या आहेत. पवनेच्या पाण्याबद्दलची एक तर इतकी चांगली आहे की ती माझी असणं शक्य नाही, असं घरात एकमतानं ठरलेलं आहे.