आजोबांच्या मोटारीची खूण

आमच्या आजोबांची फोर्ड कंपनीची ‘मॉडेल ए’ मोटार १९५८ सालीं आत्याच्या लग्नखर्चासाठीं विकली गेली. आजोबा त्याविषयीं पुढें कधीं अवाक्षर बोलले नाहींत. आत्या मात्र तो दोष आजतागायत स्वतःस लावून घेत आली. तिनें आतां पंचाऐंशी ओलांडली आहे. त्यामुळें गेल्या वर्षीं पुण्यांतील एका हौशी गृहस्थांकडे आमच्याच क्रमांकाची पाटी असलेली गाडी आहे असें कानीं आलें, तेव्हां मला स्वस्थ बसवेना.

गाडी पाहून झालेला आनंद फार वेळ टिकला नाहीं. पाटी काय, कोणीही रंगवून लावील! खरी खूण लोखंडावर ठोकलेली असते. १९२७ ते १९३१ या काळांतील या गाड्यांत ती इंजिनच्या डाव्या अंगास, पाणी आंत शिरण्याच्या तोंडाच्या किंचित् वर सांपडते. गृहस्थांनीं तेथें बॅटरी धरली. क्रमांकाच्या आरंभीं ‘सीए’ हीं अक्षरें होतीं. म्हणजे इंजिन कॅनडांत झालेलें. १९२६ सालीं निघालेली फोर्डची हिंदी कंपनी कॅनडाच्याच शाखेच्या ताब्यांत होती, तेव्हां इथवर सारें ठीक होतें. पण पुढचे आंकडे आमच्या जुन्या विम्याच्या कागदाशीं जुळेनात. हें मीं आत्यास कळविलें नाहीं.

इंजिनें बदलली जातात, यांत नवल नाहीं. सुदैवानें फोर्डच्या कारखान्यांत इंजिनचाच क्रमांक सांगाड्याच्या लांब पट्टीवरही ठोकीत असत. मात्र तो बॉडीखालीं झांकला जातो आणि ती उचलल्यावांचून दृष्टीस पडत नाहीं. परक्याच्या गाडीची बॉडी उचला, असें कोणत्या तोंडानें म्हणावें? शिवाय पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठीं ‘व्हीए’ अक्षरांच्या पाट्यांची जी निराळी नोंदणी २०२१ सालीं ठरली, तीस गाडी मूळ स्वरूपांत असावी लागते. इंजिनपाठोपाठ सांगाडाही दुसराच निघाला, तर नुकसान त्यांचें होतें, माझें नव्हे. तरीही त्या भल्या गृहस्थांनीं दिवाळीनंतर बॉडी उतरविली.

विम्याचा कागद मीं आत्याच्या हातीं देऊन ठेवला होता. गंज रॉकेलनें पुसला, वर पातळ कागद ठेवून पेन्सिल घांसली, तशीं अक्षरें हळूहळू उमटूं लागलीं. टेलिफोनवर मी एकेक आंकडा वाचीत गेलों आणि पलीकडून आत्या ‘‘हूं, पुढें,’’ म्हणत गेली. शेवटचा आंकडा तेवढा गंजानें खाल्ला होता. तीन कीं आठ, कळेना. मला तो पाठ नव्हता. कागदावर काय आहे म्हणून विचारणार, इतक्यांत ती म्हणाली,

‘‘मी सांगायची नाहीं. तूं नीट पाहून सांग.’’

मीं रॉकेलचा बोळा पुन्हां हातीं घेतला.