पाण्याचा हिशेब

तीन महिने झाले, भेटेल त्याला मी हेच सांगत सुटलेय: मानसोपचार वॉर्ड तुम्हाला वाटतो तसा नसतो हो! अकरा वर्षं सर्जरीच्या वॉर्डात काढली. इकडे बदली झाली तेव्हा मैत्रीण म्हणाली, "सुटलीस बाई, आता नुसतं बसून बोलायचं." बसून? पहिल्याच नाईटला मोबाइलने सतरा हजार पावलं मोजली! जिवाचं बरंवाईट करील अशी धास्ती असलेल्या पेशंटला दर पंधरा मिनिटांनी बघायचं. दारातून डोकावून भागत नाही. छाती हलतेय का, चादरीखाली हात काय करताहेत, तेही बघायचं. सकाळी पोटऱ्यांत गोळे घेऊन रिक्षात चढले.

आणि ते काका! धुळ्याकडचे. पाच दिवस बोलणं नाही, घास नाही, डोळे मात्र उघडे. हात उचलून सोडला तर तसाच अधांतरी. घरचे म्हणत होते, बाहेरचं झालंय. राज्याची जुनी चार मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरीला, खान्देशातून सगळीच लांब; तरी येरवड्याला न्यायची तयारी करूनच आले होते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. मी आणि वॉर्डातले मामा, एक-दोन-तीन, चादरीसकट! माझी कंबर अजून कुरकुरतेय. काकांच्या या अवस्थेला कॅटाटोनिया म्हणतात. डॉक्टरांनी शिरेतून लोराझेपाम दिलं. मी नाडी धरून बसले. दहाएक मिनिटांत ओठ हलले.

"माले पानी दे, माय."

अंगावर सर्रकन काटा! एरवी गुंगी आणणारं औषध, आणि त्यानं माणूस जागा होतो! सगळ्यांना इतका झटपट गुण येत नाही, हे नंतर कळलं. पण मी तर पहिल्याच वेळी पाहिलं ना!

तेव्हापासून मला सगळीकडे पाणीच दिसतं. एक आजोबा नळ सोडायचेच नाहीत. मला आधी गंमत वाटली. पण अति पाण्याने रक्तातलं सोडियम उतरतं, झटके येतात. म्हणून सकाळ-संध्याकाळ त्यांचं वजन, आणि नळापाशी आमचा पहारा.

लिथियमची तर कमालच. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादावर वापरलं, ते आजही चालतंय. पण रक्तातली पातळी लिटरमागे साधारण ०.६ ते १.० मिलिमोल हवी. दीडच्या वर गेली की विषबाधेची भीती. आता जळगावचा मे डोळ्यांपुढे आणा. पारा पंचेचाळिशीला, केळीच्या बागेत घामाच्या धारा. अंगातलं पाणी-मीठ घटलं की मूत्रपिंडं लिथियम धरून ठेवतात. हात थरथरतात, पाय लटपटतात, आणि गाव म्हणतं, दुपारीच टाकून आला!

म्हणून लिथियमवरच्या पेशंटला घरी सोडताना मी त्याच्या बायकोला समोर बसवते. दिवसाला किती तांबे पाणी, जेवणातलं मीठ अचानक तोडायचं नाही, दुखण्याची गोळी दुकानातून मनाने आणायची नाही. परवा त्यातल्या एकीचा भरदुपारी वॉर्डात फोन आला.

"सिस्टर, सकाळपासून चार जुलाब झाले यांना. हात बी कापताय. दुपारची गोळी देऊ ना?"

"देऊ नका. रिक्षा करा, आत्ताच घेऊन या."