पट्ट्यातलं जादा भोक

तुम्ही कधी स्वतःच्या हाताने पोशाख शिवला आहे का? मी गेल्या वर्षी पहिल्यांदा शिवला. आमच्या मराठी शाळेत शिवजयंतीचं नाटक होतं आणि मला मावळ्याचं काम मिळालं होतं. पुण्याच्या पश्चिमेला डोंगरदऱ्यांचा भाग आहे, त्याला मावळ म्हणतात. तिथले ते मावळे, शिवाजी महाराजांचे सैनिक.

आई म्हणाली, "तयार ड्रेस मागवूया." पण ते ड्रेस पातळ आणि चकचकीत असतात. शिवजयंती १९ फेब्रुवारीला, आणि तेव्हा न्यू जर्सीत केवढी थंडी! म्हणून मी जाड सुती कापडाचा अंगरखा शिवायचं ठरवलं. आत थर्मल घालता यावा, म्हणून तो सैल ठेवला. अंगरख्याला बटणं नसतात, कापडाचे बंद असतात. तुम्ही शिवणार असाल, तर कापड आधी धुऊन वाळवा. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं.

माझी एक बाही उलटी जोडली गेली. मी ती उसवली आणि पुन्हा जोडली. इस्त्री केल्यावर जुने टाके दिसलेसुद्धा नाहीत. कापड आपली चूक पोटात घालतं. चामडं तसं नाही.

तलवार अडकवायला खांद्यावरून पट्टा हवा होता. माझे आजोबा साताऱ्याला एसटीत कंडक्टर होते. त्यांची पैशांची चामडी बॅग बाबांनी इकडे आणली आहे. आजोबा आता नाहीत. बॅग फाटली आहे, पण पट्टा मजबूत आहे. बाबांनी तो काढून माझ्या हातात दिला. एवढंच म्हणाले, "सांभाळून."

चामड्यात सुई सहज शिरत नाही. आधी आरीने भोकं पाडायची, मग मेण लावलेल्या दोऱ्याने टाके घालायचे. मी पट्ट्याला बक्कल शिवलं. टाके छान आले. मग बक्कलसाठी भोक पाडलं. पण माप घेतलं होतं टी-शर्टवर! थर्मल आणि अंगरखा घातल्यावर पट्टा पुरेना. आणि चामड्यातलं भोक बुजत नाही.

मला रडूच आलं. बाबांना सांगायचा धीर होईना. शेवटी आजीला व्हिडिओ कॉल केला. पट्टा बघून ती जरा वेळ गप्पच होती. मग एकदम हसायला लागली.

"अगं, तुझ्या आजोबांनी जन्मभर तिकिटांना भोकं पाडली. एक तू पाडलंस, तर बिघडलं कुठं?"

मग मी सगळे कपडे अंगावर घालून माप घेतलं आणि दुसरं भोक पाडलं. बाबांनाही सांगितलं. त्यांनी चुकलेल्या भोकावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "नाटक किती वाजता आहे?"

पट्टा आता माझ्या खोलीत आहे. "इथे दोन भोकं कशाला?" असं कुणी विचारलं, की मी आजोबांच्या तिकिटांची गोष्ट सांगते.