वरच्या सभागृहातील एक प्रश्न

विधान परिषदेच्या निवडणुका जवळ आल्या की आपल्याकडे एक ठरावीक सूर ऐकू येतो. हे सभागृह हवेच कशाला? पराभूतांची सोय लावण्यासाठी, रुसलेल्यांची समजूत काढण्यासाठी जनतेच्या पैशातून हा दुसरा संसार का थाटावा? या टीकेत तथ्य मुळीच नाही, असे कोणी म्हणणार नाही. पश्चिम बंगालने १९६९ मध्ये, पंजाबने १९७० मध्ये आणि तामिळनाडूने १९८६ मध्ये आपापल्या विधान परिषदा मोडीत काढल्या. आज देशातील केवळ सहा राज्यांत हे दुसरे सभागृह आहे व त्यांत महाराष्ट्र आहे.

हा वाद केवळ आपलाच नाही. आयर्लंड या छोट्या देशात साठ सदस्यांचे 'शॅनड' नावाचे वरिष्ठ सभागृह आहे. ते रद्द करावे काय, असा प्रश्न तेथील सरकारने ऑक्टोबर २०१३ मध्ये थेट जनतेपुढे ठेवला. निकाल अगदी काठावरचा लागला. शंभरातील सुमारे बावन्न मतदारांनी 'राहू द्या' असा कौल दिला आणि सभागृह वाचले. त्या मतदारांच्या मनात काय होते हे मी सांगू शकत नाही. पण माझ्यापुढे तो प्रश्न आला तर मी काय उत्तर देईन, याचा विचार मात्र मी अनेकदा केला आहे.

माझा या सभागृहाशी संबंध मतदार म्हणून आला. महाराष्ट्र विधान परिषदेत अठ्ठ्याहत्तर सदस्य असतात. तीस जणांना आमदार निवडून देतात, बावीस जण स्थानिक स्वराज्य संस्थांतून येतात, सात पदवीधरांचे व सात शिक्षकांचे प्रतिनिधी असतात आणि बारा जणांची नियुक्ती राज्यपाल करतात. बीड जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत मी तीस वर्षांहून अधिक काळ शिकवले. त्यामुळे शिक्षक मतदारसंघाची मतपत्रिका माझ्या हाती येत असे. मत देऊन घरी परतताना दर वेळी मनात येई, की या सभागृहाने आमच्या कोरड्या जिल्ह्याला काय दिले? विचार करता करता मला दोन उत्तरे सापडली. एक माझ्या बालपणातले आहे, दुसरे निवृत्तीच्या उंबरठ्यावरचे.

पहिले उत्तर १९७२ च्या दुष्काळाचे. त्या वर्षी मी आठ वर्षांची होते. विहिरी आटल्या होत्या, दावणीची जनावरे कवडीमोलाने गेली होती. घरी परदेशातून आलेल्या लाल मिलोची भाकरी होई आणि कामावर सुकडी मिळे. वडील खडी फोडत, आई डोक्यावरून दगडमाती वाहत असे. आठवड्याच्या शेवटी हाती पडणारे ते मोजके रुपये भीक नव्हते, मजुरी होती. आणि आई ते पदराच्या टोकाला बांधताना मान ताठ ठेवीत असे. मे १९७३ मध्ये राज्यभरातील दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे राबत होती, हे मला पुढे वाचून कळले.

या कामांना हक्काचे रूप देणारा माणूस वरच्या सभागृहात बसत असे. वि. स. पागे हे सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्याच्या विसापूरचे. १९६० पासून १९७८ पर्यंत, तब्बल अठरा वर्षे, ते विधान परिषदेचे सभापती होते. सभापतीने वादविवादात उतरायचे नसते; त्याने इतरांना बोलू द्यायचे असते. पण ज्याला सभागृहात भाषण करता येत नाही, त्याला विचार करता येतो, पत्र लिहिता येते, मुख्यमंत्र्यांना पटवता येते. जो धडधाकट माणूस काम मागेल त्याला काम देणे हे शासनाचे कर्तव्य आहे, हा विचार पागे यांनी तत्कालीन मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यापुढे मांडला आणि आपल्या तासगाव तालुक्यात त्याचा लहानसा प्रयोग करून दाखवला. दुष्काळाने तो प्रयोग राज्याच्या कानाकोपऱ्यात नेला. १९७५ पासून शहरातील पगारदारांकडून व्यवसाय कर घेतला जाऊ लागला, तो या योजनेसाठीच. विधिमंडळाने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्यानंतर सव्वीस वर्षांनी, २००५ मध्ये, देशाच्या संसदेने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा त्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव उभा होता. एका राज्याच्या वरच्या सभागृहातील विचार असा राष्ट्राचा प्रश्न झाला आणि राष्ट्राचे उत्तरही.

तरीही दुष्काळ संपला म्हणून आमच्या जिल्ह्याचे स्थलांतर संपले नाही. दसरा-दिवाळी उलटली की केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर या भागांतील गावे ओस पडू लागतात. ऊसतोडीला निघालेल्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे जातात. या व्यवहाराचे शब्दच त्याची कहाणी सांगतात. नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात, कारण मुकादमाच्या वहीत माणसे नसतात, अवजारे असतात. हंगामाआधी दिलेल्या आगाऊ रकमेला 'उचल' म्हणतात. ती फिटेपर्यंत सुटका नाही. कामावर न गेलेल्या दिवसाला 'खाडा' म्हणतात आणि एका खाड्यापोटी पाचशे रुपयांपर्यंत दंड कापला जातो. पहाटे अंधारात फडात शिरायचे, दिवसभर तोडायचे, मोळ्या डोक्यावरून गाडीत चढवायच्या आणि रात्री उसाच्या पाचटाने शाकारलेल्या कोपीत अंग टाकायचे. तेथे न्हाणी नाही, आडोसा नाही. माझ्या वर्गातील बाके कार्तिकात रिकामी होत व पाडव्याच्या सुमारास पुन्हा भरत. मधल्या काळातील अभ्यास कोणी भरून काढायचा, हा प्रश्न उरे.

बाईसाठी या हिशेबात आणखी एक खाडा असतो, दर महिन्याचा. त्यातून आमच्या भागात एक वाक्य रूढ झाले, 'पिशवी काढली.' पहिल्यांदा ते मी पालकसभेत ऐकले. एका विद्यार्थिनीची आई, वयाने तिशीही न ओलांडलेली, सहज म्हणाली, "बाई, औंदा लई वजन उचलवत न्हाई, पिशवी काढली ना." शेजारच्या बाईने मान डोलावली. तिचीही काढलेली होती. पोटात दुखते म्हणून दवाखान्यात गेले, तेथे 'ठेवली तर कॅन्सर होईल' अशी भीती घातली गेली, शस्त्रक्रियेसाठी पुन्हा उचल घेतली आणि ती फेडण्यासाठी पुन्हा फडात गेले. ही साखळी त्यांनी मला बाजारहाट सांगावा तशा सुरात सांगितली. एवढे मोठे दुःख किती सवयीचे झाले होते!

ही गोष्ट २०१९ च्या उन्हाळ्यात वृत्तपत्रांतून देशभर पोहोचली. पण बातमी येते आणि शिळी होते. जून २०१९ मध्ये विधान परिषदेच्या सदस्य डॉ. नीलम गोऱ्हे यांनी हा प्रश्न सभागृहात विचारला. उत्तर देणारे तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे हे त्या वेळी त्यांच्याच पक्षाचे होते. आपल्याच पक्षाच्या मंत्र्याला अडचणीचा प्रश्न विचारणे वाटते तितके सोपे नसते. मंत्र्यांनी उत्तर दिले, की मागील तीन वर्षांत बीड जिल्ह्यातील नव्व्याण्णव खासगी रुग्णालयांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढण्यात आली.

वाचकहो, या आकड्याचे महत्त्व ध्यानात घ्या. तो फक्त ऊसतोड स्त्रियांचा नव्हता आणि अर्थात पूर्णही नव्हता. पण पालकसभेत दबलेल्या आवाजात सांगितलेली गोष्ट आता राज्याच्या अधिकृत कामकाजात नोंदली गेली होती. ती अफवा आहे, असे यापुढे कोणालाही म्हणता येणार नव्हते. डॉ. गोऱ्हे यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,००० हून अधिक स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३,००० हून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे सहा जणींमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण शंभरात सुमारे तीन होते. या दोन आकड्यांमधील अंतर हेच आमच्या जिल्ह्याचे दुखणे.

मग पुढे काय झाले? जिल्ह्यातील खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक झाले. ऊसतोड कामगारांसाठी कल्याण महामंडळ उभे राहिले व त्यासाठी साखर कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे दहा रुपये घेण्याचे ठरले. हे थोडे नाही; पण पुरेसेही नाही. परवानगीचा कागद दवाखान्याच्या दारावर पहारा देईल, फडात नाही. जोवर उचल आहे, खाड्याचा दंड आहे आणि कोपीजवळ पाण्याचा नळ नाही, तोवर दुखणे तेथेच जन्म घेणार.

पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक काढले, तेव्हा युरोपातील गिरणी कामगार त्यांच्या डोळ्यांपुढे होते. त्यात एक विचार आहे, तो मला मुकादमाच्या वहीशेजारी ठेवून वाचावासा वाटतो: गरजेने गांजलेला मजूर याहून वाईटाच्या भीतीने एखादी अट मान्य करतो, तेव्हा तो करार नसतो, बळजबरी असते. आमच्या बायकांनी शस्त्रक्रियेच्या कागदावर अंगठा उठवला होता, हे खरे. पण ज्या संमतीमागे पाचशे रुपयांचा दंड उभा आहे, तिला संमती म्हणावे काय?

म्हणून वरचे सभागृह हवे की नको, या वादात माझे उत्तर साधे आहे. एखाद्या सभागृहाची किंमत त्याच्या खर्चावरून किंवा तेथील रुसव्याफुगव्यांवरून ठरवू नये. ज्याचा आवाज मुंबईपर्यंत पोहोचत नाही, त्याच्या वतीने तेथे कोणी प्रश्न विचारला काय, एवढेच पाहावे. पागे यांनी कामाचा हक्क विचारला, गोऱ्हे यांनी देहाचा. दोन्ही प्रश्न आमच्या जिल्ह्याच्या मातीतले होते, दोन्हींची उत्तरे अद्याप अपुरी आहेत.

आणि प्रश्न विचारला जाण्यासाठी तो आधी कोणीतरी त्यांच्या कानावर घालावा लागतो. आपल्या धर्मग्रामांत शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, पदवीधर तरुण आहेत. त्यांतील अनेकांना या सभागृहासाठी मताचा अधिकार आहे. तरी नाव नोंदवण्याचा कंटाळा करणारे पुष्कळ. मतदार यादीत नाव घालणे, आपल्या प्रतिनिधीला टपालाने चार ओळी लिहिणे, गावातून टोळी निघाली की तिच्यातील किती मुले मागे हंगामी वसतिगृहात राहिली याची चौकशी करणे ही कामे लहान आहेत. पण कोणत्याही तारांकित प्रश्नाचा पहिला मसुदा अशाच लहान कागदावर, गावातच, लिहिला जातो.