अर्धा मीटर ते अनंत

हेलिओस ४४-२ या रशियन लेन्सवर तीन कड्या असतात. एक अंतराची. दुसरी छिद्र किती लहान करायचं ते ठरवून ठेवायची, आणि तिसरी ते छिद्र खरोखर मिटायची. उघड्या छिद्रातून लख्ख दिसतं तेव्हा फोकस धरायचा, मग तिसरी कडी फिरवायची. व्ह्यूफाइंडरमध्ये भरदुपारी तिन्हीसांज होते आणि त्या अंधारात बटण दाबायचं. येना इथल्या झाइस कंपनीच्या बायोटार लेन्सवरून महायुद्धानंतर रशियनांनी ही बेतली आणि झेनिट कॅमेऱ्यांबरोबर लाखांनी विकली. दुर्मीळ वगैरे काही नाही. तिच्या फोटोंत मागची पानं गरगर फिरल्यासारखी दिसतात, त्याचं हल्ली फार कौतुक चालतं. मला ते फारसं भावत नाही. गरगरणाऱ्या पानांत समोरचं माणूस हरवतं.

नव्वदीत, शहराचं नाव औरंगाबाद होतं तेव्हा, मी लग्नसराईत औरंगपुऱ्यातल्या एका फोटोग्राफर काकांच्या हाताखाली फ्लॅश धरायला जात असे. काका स्वतः याशिका वापरत. झेनिट-ई कपाटात पडून होता. एका हंगामाअखेर पैशांच्या जोडीला त्यांनी तो माझ्या हातात ठेवला. ‘आधी उघड, फोकस धर, मग मीट आणि मगच दाब. मिटायचं विसरलास की फोटो जळाला म्हणून समज.’ एवढंच शिक्षण. बाकी ते एकच प्रश्न विचारत राहायचे: ‘इथून ते किती लांब?’ मांडवाचा खांब, जेवणाच्या पंगतीतला शेवटचा माणूस, रस्त्यापलीकडची रिक्षा. उत्तर मीटरमध्ये हवं असे. अंतरपाट दूर झाला की माणसं अक्षता टाकतात, धक्काबुक्की करतात, मामा मध्ये येतो. फोकस शोधत बसायला तिथे वेळ कुणाला? अंतर आधी हातात असावं लागतं.

कॉलेजच्या वयात मात्र माझी कडी कायम टोकाला, आडव्या आठाच्या खुणेवर. अनंत! दौलताबादचा किल्ला, खुलताबादकडचे डोंगर, दुरून दिसणारा मकबरा. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल भरायचा आणि सायकल मारायची. कॅमेऱ्याचा सेलेनियमचा मीटर मेला होता, पण मराठवाड्याच्या उन्हाला मीटर लागतो कशाला? छिद्र एफ १६, शंभर वेगाची फिल्म, शटर १/१२५, झालं. छिद्र एवढं लहान आणि कडी सात मीटरवर असली, तर साडेतीन मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं शार्प येतं. या लेन्सचं साधं गणित आहे ते. त्या निगेटिव्ह आता काढून बघितल्या की डोंगर मस्त दिसतात. माणूस एकाही फ्रेममध्ये नाही.

वेरूळनं मला डोंगरावरून आत आणलं. दहाव्या लेण्याला, त्या सुताराच्या झोपडीला, पश्चिमेकडे खिडकी आहे. दुपार कलली की उजेड आत शिरतो आणि लाकडी वाशांसारख्या कोरलेल्या दगडी फासळ्यांवरून हळूहळू बुद्धाकडे सरकतो. झेनिट-ईला १/३० सेकंदाच्या खाली काही नाही, थेट ‘बल्ब’. म्हणजे तुम्ही दाबून धराल तोवर शटर उघडं. तिकाटण्याला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, तेव्हा कॅमेरा जमिनीवर रुमालाच्या घडीवर ठेवायचा, केबल रिलीज दाबायची आणि मनात अंक म्हणायचे. सहल आली की अंकांबरोबर पोरांचा कलकलाटही मोजावा लागतो. गंमत म्हणजे हलणारी पोरं फोटोत उमटतच नाहीत. बुद्ध तेवढा उरतो.

अजिंठ्यात असंच मोजत बसलेले माझ्याआधी बरेच होऊन गेले. १९९१ च्या सुमारास बिनॉय बहल यांनी तिथली भित्तिचित्रं फ्लॅशविना, लेण्यातल्या मंद उजेडात, दीर्घ एक्सपोजर देऊन टिपली. त्याच्या कितीतरी आधी रॉबर्ट गिल. ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’मुळे गिल म्हटलं की मराठी वाचकाला त्याची प्रेयसी पारो आठवते, त्याचा कॅमेरा कुणाला आठवत नाही. मद्रासच्या फौजेतला हा अधिकारी १८४४ पासून भित्तिचित्रांच्या तैलरंगातल्या प्रतिकृती करत होता. त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या आगीत जळाल्या. पण १८६४ मध्येच जेम्स फर्ग्युसन यांच्याबरोबर त्याची फोटोंची दोन पुस्तकं निघाली होती. त्यांतल्या एकात जोडफोटो आहेत, दोन डोळ्यांसारखे शेजारी शेजारी घेतलेले. ते दुहेरी भिंगातून पाहिले की लेण्याची खोली समोर उभी राहते. कोणता खांब पुढे, कोणता मागे, ते कळतं. मला वाटतं, चित्रकार म्हणून आयुष्य भिंतीसमोर घालवल्यावर त्याला हेच हवंसं वाटलं असेल.

मधली वर्षं नोकरीत गेली, लेन्स कपाटात. कोकणात असती तर एका पावसाळ्यात काचेवर बुरशी चढली असती. इथल्या कोरड्या हवेनं काच वाचवली, पण कडीतलं वंगण सुकवलं. ते बदलून आणलं तोवर मला चाळिशी लागली होती. व्ह्यूफाइंडरच्या घासलेल्या काचेवर कडा नीट जुळली की नाही ते चष्म्यातून कळेना. मग काकांचं मीटरचं गणित पुन्हा कामाला आलं. गुलमंडीत फिरताना कडी ३ मीटरवर, छिद्र एफ ८. अडीच ते पावणेचार मीटरमध्ये जो येईल तो शार्प. कॅमेरा डोळ्याला लावायलाही लागत नाही. कपड्यांच्या दुकानातला ओळखीचा मालक म्हणतो, ‘फोटो काढताय की नुसतेच फिरताय?’

सध्या मात्र कडी दुसऱ्या टोकाला असते, अर्ध्या मीटरवर. याहून जवळ ही लेन्स बघू शकत नाही. एवढ्या जवळून एफ २ वर जेमतेम एक सेंटिमीटरचा पट्टा शार्प येतो: पापणी आली तर कान गेला. इथे अंदाज चालत नाही, काकांचं गणितही नाही. कडी सोडून द्यायची आणि आपणच श्वासाएवढं मागेपुढे व्हायचं. समोर आई, स्वयंपाकघराच्या खिडकीशी. इतक्या जवळ मी तिच्यासमोर कधी बसलो होतो ते आठवत नाही. तिला ते अवघडल्यासारखं होतं. ‘अरे, मोबाइलवर काढ ना, लगेच दिसतो तरी.’

लगेच दाखवणं मुश्कीलच. रोल घरीच धुतो. डेव्हलपरला २० अंश लागतात आणि मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी चहाला चालेल इतकं तापलेलं असतं, म्हणून बर्फाची बादली. फिल्म वाहत्या पाण्याखाली धुवावी असं पुस्तकं सांगतात. आमच्या भागात नळ काही दिवसांआड येतो. त्यामुळे मी इल्फर्ड कंपनीची रीत धरली आहे: फिक्सरनंतर डबा भरून पाच वेळा उलटासुलटा करायचा, पाणी टाकायचं, मग दहा वेळा, मग वीस. तेवढ्यात फिल्म साफ होते. पण तेवढं पाणीसुद्धा आई पिण्याच्या साठ्यातून काढू देत नाही. तिच्या चेहऱ्याचा रोल डब्यात तसाच आहे, आणि ती रोज विचारते, ‘कधी दाखवणार?’

‘नळ आला की.’

‘परवा येईल,’ ती म्हणते, ‘पण आधी पिंप भरायचं.’